खुशाली नको, शाबासकी हवी
— ऊस विकास अधिकारी, शेती खाते



लागण, खत, पाणी, तण, खोडवा या विषयांवर या पानांतून आपण वरचेवर वाचत असता. आज ऊस बाजूला ठेवून, उसाला हात लावणाऱ्या माणसांविषयी थोडे लिहावयाचे आहे. कुणी म्हणेल, "साहेब, तुमचं काम उसाचं. कामगारांचं कौतुक करायला कामगार खातं हाय की." म्हणणे वरवर बरोबर आहे. परंतु आपल्या उसाचा उतारा शेवटी ज्यांच्या हातात असतो, त्यांचे कौतुक होते की नाही, कसे होते आणि केव्हा होते, हा विषय सभासदाच्या खिशाशी निगडित आहे. तो कसा, ते आधी पाहू.

ऊस किती हातांतून जातो?

फडात कोयता लागल्यापासून साखर पोत्यात पडेपर्यंत आपला ऊस कितीजणांच्या हातांतून जातो, याचा हिशेब कधी मांडून पाहिला आहे काय? पाळीपत्रक पाहून तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय, टोळीचा मुकादम, कोयता चालविणारा गडी आणि मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी त्याची कारभारीण, गाडीवान किंवा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, काट्यावरचा कारकून, गव्हाणीवरचा कामगार, मिलचा फिटर, बेअरिंगला तेल घालणारा ऑइलमन, बॉयलरचा फायरमन, रसाचे नमुने तपासणारा प्रयोगशाळेतील माणूस, पॅनमन आणि शेवटी पोते शिवणारा. यांतला एकजण जरी "मला काय त्याचं" म्हणाला, तरी सभासदाने वर्षभर राबून उसात भरलेली साखर वाटेत गळू लागते.

उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते आणि शेंड्याकडे ती कमी होत जाते. तोड जमिनीलगत झाली, तर साखर कारखान्यात येते आणि खोडव्याची फूटही जमिनीतून जोमदार येते. तोड उंचावरून झाली, तर गोड भाग रानात राहतो आणि पुन्हा बुडखे छाटायला सभासदालाच मजूर लावावा लागतो. वाढे नीट मोडले नाही, मोळीत पाचट राहिले, किंवा तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत न पडता बांधावर वाळत बसला, तर उतारा खाली येतो.

उताऱ्यात ०.१ टक्का फरक म्हणजे टनामागे १ किलो साखर. ५ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हाच फरक ५ हजार क्विंटल साखरेचा होतो. आता सभासदाच्या बाजूने पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढ दिली. ४० टन ऊस घालणाऱ्या लहान सभासदाला तेवढ्याशा फरकाने १,३८४ रुपये कमी-जास्त मिळतात. शिवाय हा उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून धरला जातो. माझी तोड चांगली आणि शेजाऱ्याची वाईट, असे म्हणून कुणाला सुटता येत नाही.

गुऱ्हाळातली ओळख

कारखाने येण्यापूर्वी आपल्या भागात गुऱ्हाळे होती. आजही ती टिकून आहेत आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गुऱ्हाळात गुळव्याचा मान काय असतो, हे जाणत्या मंडळींना सांगायला नको. काहिलीतला पाक नेमका कधी आला, चुलवाणाचा जाळ कधी ओढायचा, काहील कधी उतरायची, हे त्याच्या नजरेवर ठरते. मालकाला गुळव्याचे नाव, गाव, हात, सारे ठाऊक असते. रव्याला अडतीत चांगला भाव आला की, "औंदा अमक्याच्या हातचा गूळ होता," असे चारचौघांत बोलले जाते. ते बोलणे गुळव्याच्या कानावर जाते आणि पुढल्या आदणाला त्याचा हात आणखी जपून चालतो. यासाठी कुणी समिती नेमली नव्हती की योजना छापली नव्हती. काम, काम करणारा आणि कामाचा गुण पाहणारा, तिघेही एकाच छपराखाली होते म्हणून ते आपोआप घडत होते.

कारखान्यात हे छप्पर मोठे झाले. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते. ती कुणाच्या हातची, हे कुणालाच सांगता येत नाही. सभासद फायरमनला ओळखत नाही, फायरमन कोयतेकऱ्याला ओळखत नाही. गुऱ्हाळात जी ओळख सहज होत असे, ती कारखान्यात मुद्दाम घडवून आणावी लागते. नाही आणली, तर चांगले आणि वाईट काम एकाच मापाने मोजले जाते. असे दोन-तीन हंगाम गेले, की चांगले काम करणाराही हात आखडता घेतो.

खुशालीचे काय झाले?

आता थोडे कटू बोलतो. 'खुशाली' हा शब्द मुळात किती गोड! ऊस नीट तुटला, रान स्वच्छ झाले, म्हणून मालकाने खूश होऊन टोळीला दिलेले ते खुशाली. कुणी जेवण घालावे, कुणी चार पैसे द्यावे, कुणी टोळीतल्या बायकांना चोळीचा खण द्यावा. आज मात्र कोयता लागण्यापूर्वी खुशालीचा आकडा ठरतो. वाहनाची 'एन्ट्री' निराळी. "खुशाली दिल्याबिगर फडाला कोयता लागत न्हाय बघा," हे वाक्य आमच्या गटऑफिसात दर हंगामात ऐकू येते. आणि पैसे देऊनही तोड जमिनीलगत होईल याची खात्री नाही. कारण पैसे कामाआधीच पोचलेले असतात.

येथे सगळा दोष टोळीवर ढकलून चालणार नाही. पाळी चुकवून आपला ऊस आधी जावा, म्हणून पहिली नोट पुढे करणारे हात आपल्यांतलेच होते. देणाऱ्याने घाई केली, घेणाऱ्याला सवय लागली आणि कौतुकाचा दर झाला.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. कामाआधी, गुपचूप, कारण न सांगता दिलेला पैसा माणसाला बिघडवितो. तोच पैसा कामानंतर, चारचौघांत, "तुझी तोड जमिनीलगत झाली म्हणून" असे कारण सांगून दिला, तर माणूसही सुधारतो आणि कामही सुधारते. खरी खुशाली ती हीच.

हक्क आणि कौतुक यांची गल्लत नको

वेळेवर पगार, ठरलेली मजुरी, जादा कामाचा भत्ता, हंगामी कामगारांचा बिगरहंगामी भत्ता, पात्र कामगारांना कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस, तोडणी कामगारांच्या तळावर पाणी आणि उजेड, हे सर्व हक्क आहेत. ते देऊन कुणी उपकार करीत नाही. मजुरी थकवून वर शाल-श्रीफळ देणे म्हणजे उपाशी माणसाच्या अंगाला अत्तर लावण्यासारखे आहे. जिथे हक्क वेळच्या वेळी मिळतो, तिथेच कौतुकाला किंमत येते. म्हणून कोणत्याही सहकारी संस्थेने गौरवाची योजना काढण्यापूर्वी आपली देणी तपासावीत, हा पहिला नियम.

सत्कार कुठे फसतो?

आपल्याकडे सत्काराची हौस कमी नाही. फेटा, हार, नारळ, टाळ्या आणि फोटो. तरीही त्याचा कामावर परिणाम दिसत नाही, याची कारणे मला अशी वाटतात.

पहिले कारण वेळेचे. सत्कार होतात वार्षिक सर्वसाधारण सभेत, आणि ती भरते ऐन पावसाळ्यात. त्या वेळी तोडणी कामगार बीडकडे, मराठवाड्यात आपल्या गावी असतो. जानेवारीत थंडीत कुडकुडत ऊस तोडला, त्याची आठवण सप्टेंबरात काढली आणि तीही तो नसताना! शाबासकी ताज्या कामाला द्यावी.

दुसरे कारण, मोघमपणा. "उत्कृष्ट सेवेबद्दल" असे लिहिले, की काय उत्कृष्ट केले हे ना त्याला कळते, ना इतरांना. मग शेजारचा म्हणतो, "ह्यो साहेबाच्या मागं-मागं हिंडतोय म्हणून मिळालं." सहकारात निवडणुका असतात, गट असतात, पाहुणेरावळे असतात. जिथे कारण लिहिलेले नसते, तिथे वशिला आहे असेच लोक धरून चालतात.

तिसरे कारण, सरसकटपणा. सर्वांना सारखेच भांडे किंवा टॉवेल वाटला, तर ती सणाची भेट झाली. ती जरूर द्यावी; पण त्याला गौरव म्हणू नये.

चौथे कारण, चुकीचे माप. फक्त टनांवर बक्षीस ठेवले तर टोळी भराभर तोडील, पण बुडखे रानात राहतील. "अपघात झाला नाही" म्हणून बक्षीस ठेवले, तर बोट चेंगरलेला कामगार ते फडक्यात लपवील. यासाठी अपघाताचा धोका आधी ओळखून सांगणाऱ्याला शाबासकी द्यावी, अपघात न नोंदविणाऱ्याला नव्हे.

पाचवे कारण सर्वांत महत्त्वाचे. टळलेले नुकसान कुणाला दिसत नाही. मिल फुटली आणि फिटरने रात्रभर जागून ती चालू केली, तर सर्वांना दिसते. पण ऑइलमनने बेअरिंग तापलेले वेळीच ओळखले आणि मिल फुटलीच नाही, तर ते कोण पाहतो? आपल्या डोंगराळ भागात तर हे नेहमीचे. एका वाडीवर अवकाळी पावसाचे चिन्ह पाहून आमच्या एका चिटबॉयने संध्याकाळीच टोळीला थांबविले आणि खालच्या पाणंदीचा फड पुढे ढकलून वरच्या पक्क्या वाटेकडचा आधी धरला. रात्री पाऊस झाला. खालचा ऊस तोडला असता, तर वाहन चिखलात रुतून तो चार दिवस तिथेच पडला असता. पण तो तुटलाच नव्हता, म्हणून त्याचे कौतुकही कुणाला सुचले नाही. अशी कामे शोधून काढणे, हे योजनेचे खरे काम.

बाहेर काय चालते?

शाबासकीची रीत आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची स्थापना १९५३ साली झाली. मंडळामार्फत गुणवंत कामगार पुरस्कार दिला जातो. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट विक्रमी उत्पादन काढणाऱ्या शेतकऱ्यांना ऊसभूषण पुरस्कार देते; कारखान्यांचा आणि त्यांतील अधिकाऱ्यांचाही गौरव करते. या गोष्टी चांगल्या आहेत. पण कोयतेकरी हा मुकादमामार्फत येतो. कारखान्याच्या हजेरीपत्रकावर त्याचे नाव नसते, त्यामुळे अशा पुरस्कारांच्या यादीत तो सापडणे कठीण. त्याची सोय जागच्या जागी करावी लागेल.

जपानच्या टोयोटा मोटार कारखान्याने १९५१ साली कामगारांकडून सुधारणांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. यंत्रावर रोज उभा राहणारा माणूस साहेबापेक्षा त्या यंत्राला जास्त ओळखतो, हे त्यांनी मान्य केले. ज्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, त्याला आपली किंमत आहे असे वाटते. आपल्याकडेही गव्हाणीवरच्या माणसाला विचारा. मोळीत दगड-माती कुठून येते, ते तो एका वाक्यात सांगेल.

आणखी जवळचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या माळावर कारखाना उभारला आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर राखणीचे काम सोपविले. माणसावर विश्वास टाकणे, हाही गौरवच होय. त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे लहानसे पत्र काढले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. एखाद्या कारखान्याच्या वार्तापत्राला किती मोल येऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

मोठा खर्च लागणार नाही, अशा काही सूचना सभासदांच्या विचारार्थ मांडतो.

१. *चांगल्या तोडीची पावती.* फड संपल्यावर सभासद आणि चिटबॉय यांनी मिळून पाच गोष्टी पाहाव्यात : तोड जमिनीलगत झाली का, वाढे नीट मोडले का, मोळीत पाचट आहे का, रानात ऊस शिल्लक राहिला का, आणि तोडीपासून काट्यापर्यंत किती तास लागले. पाचही गोष्टी समाधानकारक असतील, तर सभासदाने सही करून पावती टोळीला द्यावी. आधी पैसे घेतले असतील, तर पावती नाही.

२. *पंधरवड्याला बक्षीस.* ऊसबिल जसे पंधरवड्याने निघते, तसाच पावत्यांचा हिशेबही पंधरवड्याने व्हावा. टोळ्या लहान-मोठ्या असतात, म्हणून नुसत्या पावत्या न मोजता, तोडलेल्या फडांपैकी किती फडांना पावती मिळाली ते पाहावे. बक्षीस टोळीच्या तळावर जाऊन, सर्वांसमक्ष, कारण वाचून द्यावे.

३. *बाईचे नाव.* एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. मोळी बांधणे, डोक्यावरून फळीवरून चढून गाडी भरणे, पुन्हा कोपीवर जाऊन चूल पेटविणे, हे बाई करते आणि नाव लागते गड्याचे. पावतीवर दोघांची नावे असावीत आणि बक्षिसाची निम्मी रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यावर जावी. मागे एका फडात एका मावशीला मी म्हणालो, "तोड लई झकास केलीया तुम्ही." मावशी हसून म्हणाली, "सायब, तोंडानं म्हनता, पर कागदावर आमचं नाव कुटं हाय?" या प्रश्नाचे उत्तर आपण द्यायला हवे.

४. *पाळीची नोंदवही.* कारखान्यात प्रत्येक पाळीला एक वही ठेवावी. त्या पाळीत कुणी कोणते नुकसान टाळले, हे सोबतच्या कामगारांनीच लिहावे. साहेबाला रात्रपाळीचे सगळे दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्याला दिसते. झाडलोट करणारा, रात्रीचा फायरमन, पोते शिवणारा, यांची नावे याच मार्गाने वर येतील.

५. *निवड समिती.* तीत कामगारांचा एक प्रतिनिधी, एक अधिकारी आणि एक महिला सभासद असावी. संचालक मंडळाने समितीपासून दूर राहावे, म्हणजे गटबाजीचा संशय येणार नाही. निवडीचे कारण टाइम ऑफिससमोरील फलकावर दोन ओळींत लिहावे. ज्याला ते पटत नसेल, त्याला तक्रार मांडायची मुभा असावी.

६. *वार्तापत्रात जागा.* विक्रमी ऊस काढणाऱ्या सभासदाप्रमाणेच, हंगामात दर अंकी दोन कामगारांची माहिती याच पानांवर यावी : काय केले, कसे केले आणि त्यामुळे किती वाचले. संबंधितांची संमती घेऊनच छापावे.

सभासदाचे काम

कारखाना सभासदांचा, म्हणजे या कामगारांचे मालक आपण. मालकाला जसा जाब विचारण्याचा हक्क आहे, तसेच शाबासकी देण्याचे कर्तव्यही आहे. फडात टोळी आली, की पिण्याचे पाणी ठेवा, पाणंद आधी दुरुस्त करा, मुकादमालाच नव्हे तर कोयतेकऱ्यालाही नावाने हाक मारा. "ए तोडकऱ्या" म्हणून काम करून घेणे आणि "दादा, बुडख्यापासनं घ्या बरं का" म्हणून काम करून घेणे, यांत बराच फरक पडतो. याला पैसा लागत नाही.

बेंदराला आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. त्याला न्हाऊ घालून पुरणपोळी खाऊ घालतो. खंडेनवमीला कोयता, नांगर, इंजिन यांची पूजा करतो. कारखान्यात मिललाही हार पडतो. जनावराचे आणि लोखंडाचे ऋण मानणारी ही आपली रीत. त्या मिलशेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती पोचावी, एवढेच मागणे आहे.

आपल्या राधानगरीचे धरण पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७-०८ च्या सुमारास हे काम हाती घेतले, म्हणून महाराजांचे नाव भोगावतीकाठच्या प्रत्येकाच्या तोंडी आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी तो दगड घडविला, उचलला आणि बसविला, त्यांतल्या एकाचे तरी नाव आज कुणाला सांगता येईल काय? त्यांच्या कष्टाच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. त्यांची नावे आता शोधता येणार नाहीत. आपल्या हंगामात राबणाऱ्यांची मात्र लिहून ठेवता येतील.

पहिल्या दोन सूचना एखाद्या गटात एक हंगाम करून पाहाव्यात, पावती मिळालेल्या आणि न मिळालेल्या फडांतील खोडव्याची फूट व शिल्लक ऊस यांची तुलना करावी आणि त्याचे आकडे सभासदांपुढे ठेवावेत. फरक पडला तर योजना वाढवू. न पडला तर कारण शोधू. ज्या सभासदांना आपल्या फडापासून सुरुवात करावयाची असेल, त्यांनी आपले नाव गटऑफिसात चिटबॉयकडे नोंदवावे. आणि तोवर एक करावे : कोयता लागण्यापूर्वी कुणी खुशाली मागितली, तर "काम बघून देतो, सगळ्यांसमोर देतो," असे सांगावे, आणि काम चांगले झाल्यावर तो शब्द जरूर पाळावा.